घरचा व्हीगन स्वयंपाक: फायदे, उणिवा आणि वैदर्भीय ताट

चाळिशीच्या एक ताई पायांच्या मुंग्यांची तक्रार घेऊन दवाखान्यात आल्या. पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही, अंधारात चालताना तोल जातो, असे त्या सांगत होत्या. मधुमेह आठ वर्षांचा, गोळी मेटफॉर्मिनची. आठ-नऊ महिन्यांपूर्वी त्यांनी दूध, दही, तूप पूर्ण बंद केले होते. बाहेरचे खाणेही थांबवले होते. रोज घरी भाकर, वरण, पालेभाजी. वजन सहा किलो कमी झाले होते, साखर पूर्वीपेक्षा बरीच आटोक्यात होती. "सगळे तर बरोबर केले, मग हे काय नवीन?" असा त्यांचा प्रश्न होता.

त्यांनी खरोखर जवळजवळ सगळे बरोबर केले होते. राहिली होती ती एक छोटी गोळी, व्हिटॅमिन बी-१२ ची. उपचारांनंतर तोल सुधारला, मुंग्या कमी झाल्या, पण तळपायांचा बधिरपणा पूर्ण गेला नाही. व्हीगन स्वयंपाकाचा फायदा आणि त्यातली उणीव, दोन्ही एकाच रुग्णात दिसली. म्हणून या लेखात दोन्ही बाजू पाहू.

व्हीगन म्हणजे नेमके काय?

शाकाहारी माणूस मांस, मासे, अंडी खात नाही. पण दूध, दही, ताक, तूप, पनीर खातो. व्हीगन आहारात प्राण्यांपासून मिळणारे काहीच नसते. दुधाचे पदार्थ नाहीत, मधही नाही. पाकिटावरचा हिरवा ठिपका फक्त 'शाकाहारी' एवढेच सांगतो, त्यात दूध पावडर असू शकते. व्हीगन पदार्थांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ साली वेगळे नियम केले आणि वेगळे चिन्हही ठरवले.

शब्द नवा असला तरी ताट नवे नाही. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, झुणका, वांग्याचे भरीत, आंबाडीची भाजी, जवसाची चटणी, वडाभात, फल्लीची चटणी, पातोडीचा रस्सा. वरून तूप घातले नाही तर विदर्भातले हे सगळे पदार्थ व्हीगनच आहेत. शेतावर जाणाऱ्या माणसाच्या शिदोरीत अनेक वर्षे हेच होते. फरक एवढाच की, त्याच्या ताटात दूध नव्हते ते परवडत नव्हते म्हणून. आज काही जण ते ठरवून सोडतात. शरीराला मात्र कारणाशी देणेघेणे नसते. जे मिळाले नाही, त्याची उणीव दोघांनाही भासते.

दुधाशिवाय राहण्याचा प्रयोग वर्ध्याला अनोळखी नाही

गांधीजींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत असताना दूध सोडले. पुढे गाय-म्हशीचे दूध न घेण्याचे व्रतच घेतले. १९१८ मध्ये आमांशाने ते गंभीर आजारी पडले, अशक्तपणा हटेना. तेव्हा कस्तुरबांच्या सूचनेवरून त्यांनी शेळीचे दूध सुरू केले. १९३६ मध्ये ते सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले, तेव्हाही त्यांच्या आहारात शेळीचे दूध होतेच. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेत त्यांनी 'आरोग्याची किल्ली' लिहायला घेतली. दुधाला वनस्पतींमधून पूर्ण पर्याय मिळावा ही इच्छा असूनही, पूर्ण तब्येतीसाठी शाकाहाराला दुधाची जोड लागते, असा अनुभव त्यांनी त्यात प्रामाणिकपणे नोंदवला.

त्यांचे ते आजारपण आमांशाचे होते, बी-१२ च्या कमतरतेचे नव्हे. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बी-१२ हे जीवनसत्त्व शास्त्रज्ञांनी वेगळे काढले ते १९४८ मध्ये. म्हणजे गांधीजी प्रयोग करत होते तेव्हा वनस्पतींमध्ये नेमके काय नाही, हे कोणालाच माहीत नव्हते. आज ते माहीत आहे आणि गोळीच्या रूपात औषधाच्या दुकानात मिळते. त्यामुळे आज हा आहार सुरक्षितपणे घेता येतो, अट फक्त ती गोळी विसरायची नाही ही.

फायदे: घरच्या स्वयंपाकाचे वेगळे, व्हीगनचे वेगळे

लोक या दोन गोष्टी एकत्र धरतात. त्या वेगळ्या केल्या तर काय बदलायचे हे नीट कळते. आलूबोंडा, समोसा, शेव, चिवडा, तर्री घातलेले पोहे हेही बहुतेक वेळा व्हीगनच असतात. म्हणून ते आरोग्यदायी होत नाहीत.

*घरी शिजवण्याचे फायदे*

- तेल आणि मीठ तुमच्या हातात राहते. माणशी रोज चार ते पाच चहाचे चमचे, म्हणजे २० ते २५ ग्रॅम तेल पुरते. चार जणांच्या घराला महिन्याला तीन किलोपेक्षा जास्त तेल लागू नये. मीठ माणशी रोज ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे. चार जणांचे महिन्याचे सगळे मिळून ६०० ग्रॅम होते, आणि त्यात लोणचे-पापडातलेही धरायचे. तुमच्या घरी मिठाची एक किलोची पुडी किती दिवसांत संपते, ते या महिन्यात मोजून पाहा.
- तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवले जात नाही. स्वस्त वनस्पती तूप पोटात जात नाही.
- मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णाला आपण किती खाल्ले याचा अंदाज राहतो, आणि औषधाच्या वेळेशी जेवणाची वेळ जुळवता येते.

*वनस्पतिजन्य आहाराचे फायदे*

- कोलेस्टेरॉल: कोलेस्टेरॉल फक्त प्राणिजन्य पदार्थांत असते. शिवाय तूप, साय, लोणी यांतली संपृक्त चरबी यकृतात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढवते. डाळी, जवस, भाज्या यांतला विरघळणारा तंतू आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. नवे पित्त तयार करायला यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल वापरते, त्यामुळे ते कमी होते.
- मधुमेह: तंतू जास्त असल्याने साखर रक्तात हळूहळू उतरते. अमेरिकेतील ॲडव्हेंटिस्ट पंथीयांच्या मोठ्या अभ्यासात, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, मधुमेहाचे प्रमाण मांसाहारी गटात ७.६ टक्के, तर व्हीगन गटात २.९ टक्के होते. हे लोक व्यायाम, व्यसन अशा इतर बाबतींतही काळजी घेणारे असतात, त्यामुळे सगळे श्रेय आहाराला देता येत नाही. वजनाचा फरक हिशेबात धरला तरी मात्र फरक पूर्ण पुसला जात नाही.
- रक्तदाब: भाज्या, फळे आणि डाळींतून पोटॅशियम मिळते. मीठ कमी आणि पोटॅशियम पुरेसे, ही जोडी रक्तदाब उतरवायला मदत करते.
- वजन आणि बद्धकोष्ठता: कमी उष्मांकात पोट भरते आणि शौचास साफ होते. पाणी मात्र पुरेसे प्यायला हवे, विशेषतः आपल्या उन्हाळ्यात.

देशभरातल्या 'आयसीएमआर-इंडियाब' पाहणीत २०२३ मध्ये प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आणि ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आढळला. या आकड्यांपुढे घरच्या चुलीवर होणारा बदल लहान वाटेल, पण तो रोज दोनदा होतो.

उणिवा कोणत्या आणि त्या कशा भरायच्या?

१. व्हिटॅमिन बी-१२: इथे तडजोड नाही

बी-१२ सूक्ष्मजीव तयार करतात. ते प्राण्यांच्या शरीरात साठते, वनस्पतींत नाही. आंबील, इडली, मोड आलेले कडधान्य, स्पिरुलिना यांपैकी कशावरही बी-१२ साठी विसंबता येत नाही. रोजची गरज फक्त दोन ते अडीच मायक्रोग्रॅम आहे. यकृतात साठा असल्याने कमतरता दिसायला काही वर्षे लागतात, आणि त्यामुळेच लोक गाफील राहतात.

सुरुवातीला सांगितलेल्या ताईंना आठ-नऊ महिन्यांतच त्रास का झाला? कारण साठा आधीच रिकामा होता. मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेतली तर बी-१२ चे शोषण कमी होते. आणि शाकाहारी घरांत हा साठा मुळातच तुटपुंजा असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पुणे शहर आणि परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी आढळले. हे व्हीगन नव्हते. म्हणजे दूध सोडताना आपण बहुधा काठावरूनच उतरत असतो.

लक्षणे: हातापायांना मुंग्या, बधिरपणा, तोल जाणे, जीभ लाल होऊन झोंबणे, थकवा, विसराळूपणा, बोटांच्या सांध्यांवरची त्वचा काळवंडणे. मज्जातंतूंचे नुकसान जुने झाले तर ते पूर्ण भरून येत नाही. फक्त फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेतल्या तर रक्ताची तपासणी सुधारलेली दिसते, पण मज्जातंतूंचे नुकसान आतल्या आत चालूच राहते.

उपाय: साठा चांगला असलेल्या प्रौढ व्हीगन व्यक्तीने रोज किमान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम बी-१२ घ्यावे, असे सर्वसाधारण प्रमाण आहे. कमतरता आधीच असेल तर डोस वेगळा असतो, कधी इंजेक्शनेही लागतात. ते डॉक्टर ठरवतील. गोळीतले बी-१२ जिवाणूंकडून तयार करून घेतले जाते, त्यामुळे व्हीगन तत्त्वालाही बाधा येत नाही. कॅप्सूलचे आवरण मात्र जिलेटिनचे असू शकते, म्हणून साधी गोळी मागावी.

२. प्रथिने: वरण पातळ असेल तर पुरत नाहीत

प्रौढाला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोच्या व्यक्तीला साधारण ५० ग्रॅम. न शिजवलेल्या वजनात हिशेब असा:

- ज्वारीचे पीठ २०० ग्रॅम: सुमारे २० ग्रॅम प्रथिने
- तूरडाळ ५० ग्रॅम: सुमारे ११ ग्रॅम
- मूग, मटकी किंवा हरभरे ४० ग्रॅम: सुमारे ८ ग्रॅम
- फल्लीदाणे ३० ग्रॅम: सुमारे ७ ग्रॅम

हे झाले ४६ ग्रॅम. भाज्या आणि थोडा भात धरला की ५० होतात. वनस्पतींची प्रथिने पचायला थोडी कमी पडतात, म्हणून त्यात २५ ग्रॅम सोयाबीन वडी टाकली तर आणखी १२ ग्रॅम मिळतात आणि हिशेब निवांत बसतो. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन शेतात भरपूर आणि ताटात क्वचित दिसते. ते कच्चे किंवा अर्धवट शिजलेले खाऊ नये, नीट शिजवूनच खावे.

धान्य आणि डाळ यांची जोडी महत्त्वाची आहे. धान्यात जे अमिनो आम्ल कमी असते ते डाळीत असते, आणि डाळीतली कमी धान्य भरून काढते. भाकर-वरण, वडाभात, खिचडी या जोड्या आजीने शास्त्र न वाचताच बसवल्या होत्या.

एक सावधगिरी: डाळ बदलत राहा. पूर्व विदर्भात पिकणारी लाखोळी डाळ महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय कायमचे लुळे पडू शकतात.

३. लोह

महिलांना रोज २९ मिलिग्रॅम लोह लागते. वनस्पतींतले लोह कमी शोषले जाते, पण ते वाढवता येते. पालेभाजीवर किंवा वरणावर लिंबू पिळा, जेवणात आवळा, सांबार (कोथिंबीर), कच्चा टमाटर घ्या. आंबट भाजी लोखंडी कढईत शिजवली तर कढईचे लोहही भाजीत उतरते. शिजल्यावर ती लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी. डाळी-कडधान्ये भिजवून मोड आणले तर लोह अडवणारे फायटेट कमी होते. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा टाळा. काळा चहा व्हीगन असला तरी लोह तोही अडवतो.

४. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी

दूध बंद झाले की पहिली खिंडार इथे पडते. प्रौढाची रोजची गरज १००० मिलिग्रॅम आहे. न सोललेले तीळ, नाचणी, मुंगन्याचा पाला, राजगिरा, सोयाबीन हे चांगले स्रोत आहेत. १०० ग्रॅम नाचणीतून सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. दोन मोठे चमचे तिळांतून शंभराच्या वर मिळते, तीळ मात्र भाजून, कुटून खावेत. पालकातले कॅल्शियम ऑक्सॅलेटमुळे फारसे शोषले जात नाही. घरी काढलेल्या सोया दुधात गाईच्या दुधाइतके कॅल्शियम नसते आणि बी-१२ तर नसतेच. इंग्लंडमधील 'एपिक-ऑक्सफर्ड' अभ्यासात २०२० मध्ये व्हीगन व्यक्तींमध्ये हाडे मोडण्याचे प्रमाण जास्त दिसले. त्यामुळे पाळी गेलेल्या महिलांनी आणि वयस्कर मंडळींनी गोळीची गरज आहे का, हे तपासून घ्यावे. सोबत अंगावर ऊन आणि रोजचे चालणे हवे.

५. ओमेगा-३ आणि आयोडीन

जवस इथे कामाला येतो. एक मोठा चमचा कुटलेल्या जवसातून दिवसाची अल्फा-लिनोलेनिक आम्लाची गरज भागते. अख्खा जवस बराचसा न पचताच बाहेर पडतो, म्हणून भाजून चटणी करावी. ती थोडी थोडी करा, नाहीतर खवट होते. जवसाचे तेल तळणीला वापरू नये. मीठ आयोडीनयुक्तच वापरावे. सैंधव मिठात पुरेसे आयोडीन नसते.

एका दिवसाचे ताट

- सकाळ: मोड आलेल्या मटकीची उसळ आणि अर्धी भाकर, किंवा फल्लीदाणे घालून कमी तेलाचे पोहे आणि लिंबू
- दुपार: ज्वारीची भाकर, घट्ट वरण, हरभऱ्याची किंवा आंबाडीची पालेभाजी, जवसाची चटणी, कांदा-गाजर-टमाटर
- चार वाजता: मूठभर फुटाणे आणि एक संत्रे किंवा पेरू
- रात्र: एक भाकर किंवा थोडा भात, सोयाबीन वडीचा रस्सा, दह्याऐवजी फल्लीकूट आणि लिंबू घातलेली काकडीची कोशिंबीर

ताटाचा अर्धा भाग भाज्यांचा, पाव भाग डाळ-उसळीचा आणि पाव भाग भाकर-भाताचा असावा. चार भाकरी आणि पाण्यासारखे वरण हेही व्हीगनच असते, पण मधुमेही व्यक्तीची साखर त्याने वाढतेच.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये अशा व्यक्ती

- गरोदर आणि स्तनदा माता: आईचे बी-१२ कमी असेल तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो.
- लहान मुले: एक वर्षाखालील बाळाला आईच्या दुधाऐवजी सोया, बदाम किंवा तांदळाचे दूध कधीही देऊ नये.
- इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणारे: आहार बदलल्यावर साखर अचानक खाली जाऊ शकते, डोस कमी करावा लागतो.
- मूत्रपिंडाचे रुग्ण: डाळी, फळे यांतील पोटॅशियम आणि फॉस्फरस मोजून घ्यावे लागते.
- सिकलसेलचे रुग्ण: विदर्भात हा आजार बराच आहे. रक्त कमी म्हणून तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत.
- वॉरफेरिन घेणारे: पालेभाज्यांचे प्रमाण एकदम वाढवू नये.
- थायरॉइडची गोळी घेणारे: गोळी आणि सोयाबीन यांत काही तासांचे अंतर ठेवावे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*पूर्ण व्हीगन झालो तरच फायदा होतो का?*
नाही. आठवड्यातले तीन-चार दिवस असे जेवले, बाकी दिवस घरचे ताक घेतले, तरी तेल-मीठ कमी आणि भाज्या-डाळी जास्त याचा फायदा मिळतोच. ताक सोडण्यापेक्षा शेव सोडणे बहुतेकांना जास्त फायद्याचे ठरते.

*लाकडी घाण्याचे तेल कितीही चालते का?*
नाही. तेल कोणत्याही घाण्याचे असो, एका ग्रॅमला नऊ उष्मांक असतातच.

*गॅस होतो, काय करावे?*
कडधान्ये एकदम वाढवू नका. आठ तास भिजवा, ते पाणी टाका, मऊ शिजवा, फोडणीत हिंग-ओवा-जिरे घाला. दोन-तीन आठवड्यांत आतड्यांना सवय होते.

*औषधे बंद करता येतील का?*
स्वतःहून नाही. साखर आणि रक्तदाब उतरू लागले की डॉक्टरच डोस कमी करतात.

थोडक्यात

सुरू करण्याआधी हिमोग्लोबिनसह रक्ततपासणी, बी-१२, व्हिटॅमिन डी, कोलेस्टेरॉल आणि मधुमेह असल्यास एचबीए१सी करून घ्या. सहा महिन्यांनी पुन्हा तपासा. ताटात घट्ट वरण, रोज एक उसळ, जवस-तीळ आणि लिंबू असू द्या. बी-१२ ची गोळी स्वयंपाकघरात, मिठाच्या डब्याशेजारी ठेवा, म्हणजे विसरणार नाही.

ज्या ताईंपासून सुरुवात केली, त्यांनी आहार सोडलेला नाही. साखर आटोक्यात आहे, मधुमेहाच्या गोळीचा डोसही कमी झाला आहे. त्यांच्या घरी आता गोळीचा वार ठरलेला आहे, सोमवार. मुंग्या, बधिरपणा किंवा तोल जाणे यांपैकी काहीही जाणवले तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना भेटा.